सावित्रीने काय केलं होतं

ठमीने नवऱ्याच्या काखांत हात घालून त्याला होडीत ओढून घेतलं. तापाने फणफणलेल्या शिवदासचं अंग तव्यासारखं भाजत होतं. दिघीहून खाडी ओलांडायची, आगरदांड्याला उतरायचं आणि तिथून बैलगाडीने मुरुडचा दवाखाना गाठायचा. नावाडी कोंडाजीने होडी पाण्यात लोटली. सासू मनुबाई मागच्या फळीवर बसली होती आणि तिचं तोंड काही थांबत नव्हतं.

"उगाच न्हाय ठेवलं तुजं नाव. सावित्री हायस तू. राख त्याला."

शिवदास लहानपणापासूनचा दुखणाईत. म्हणून लग्नातच मनुबाईने ठमीची सावित्री करून टाकली होती. सवित्याची ती सावित्री, सूर्याचं तेज, असं भटजी म्हणाले होते. पण मनुबाईला त्या तेजाशी काय कर्तव्य! तिला यमाच्या हातून नवरा सोडवणारी हवी होती. वरच्या आळीत एक सावित्री होती, तिचा नवरा साप चावूनही उठून बसला. तिचं कौतुक मनुबाई ऊठसूट सांगायची. खालच्या आळीतही एक होती, पांढऱ्या कपाळाची. तिचा विषय कोणी काढत नसे.

आठवडाभर ठमीने अंगारे लावले, उपास काढले, वडाला फेऱ्या घातल्या. ताप हटला नाही. शेवटी आज सासूशी भांडून तिने होडी सांगितली होती. जीव नुसता टांगणीला लागला होता तिचा.

खाडीच्या मध्यावर शिवदासने एक लांब श्वास घेतला. दुसरा आलाच नाही.

कोंडाजीने वाकून त्याच्या नाकापुढे हात धरला आणि हळूच दोन्ही वल्ही आत घेतली. मनुबाईने हंबरडा फोडला. ओहोटीच्या ओढीने होडी समुद्राकडे वाहू लागली.

"वैनी, मागं फिरवू?"

ठमीला रडू फुटत नव्हतं. नवऱ्याचं डोकं तिने मांडीवर गच्च धरलं होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्या सावित्रीचा नवरा आधी मेलाच व्हता ना?"

मनुबाईने रडता रडता मान वर केली.

"मेल्यावरच गेली ना ती यमाच्या मागनं? घरी न्हाय परतली."

"वैनी, ती पुराणातली गोष्ट..." कोंडाजी पुटपुटला.

"वल्हव! म्होरं वल्हव रं, कोंडाजीभाव!" ठमी ओरडली.

त्याचे हात हलेनात. तेव्हा मनुबाई उठली. लेकाचे पाय ओलांडून ती पुढे आली, कोंडाजीजवळचं एक वल्हं ओढून घेतलं आणि वेड्यासारखी पाणी मारू लागली. एका वल्ह्याने होडी जागच्या जागी फिरू लागली, तसं कोंडाजीने दुसरं उचललं.