सतरा नंबरच्या भोकातला दगड

"हेल्मर, सतरा नंबरचं भोक एकशेनव्वद मीटरवरच थांबलं का? कागदावर पुढचं काहीच नाही."

हेल्मर नीवानं हातातली लाकडी पेटी फळीवर ठेवली. पेटीत जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या काळ्या, जड दगडाच्या मनगटाएवढ्या कांड्या ओळीनं लावलेल्या होत्या. स्वीडनच्या पार उत्तरेकडच्या या गावात अशा पेट्यांचं गोदाम त्यानं तीस वर्षं सांभाळलं होतं. आता नव्या कंपनीनं तूवा सांडेलला धाडलं होतं. लोखंड किती खोलवर आहे, खाण परवडेल का, हे तिला ठरवायचं होतं.

"खाली असाच दगड असेल ना, तर खाण होईल," तूवा म्हणाली. "मी तसं लिहिते."

त्यानं नुसतं 'लिही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. शाळा बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. "खाण झाली तर आम्ही इथलं सगळं विकून घरी येतो, बाबा," मुलगा इसाक कालच लुलेओ शहरातून फोनवर म्हणाला होता.

ते भोक त्यानं आणि त्याचा जोडीदार रूबेन यांनीच पाडलं होतं, एकोणऐंशीच्या मार्चमध्ये, गोठलेल्या सरोवरावर. थंडी अशी की मिशीवर बर्फ धरायचं. आल्ली घसरगाडीवरून रेनडिअरच्या मटणाचं सूप आणायची. तेव्हा तिचं आणि हेल्मरचं लग्न व्हायचं होतं. "सूप माझ्यासाठी, आणि बाई बघायला येते ह्याला," रूबेन चिडवायचा. काळी कांडी वर आली की तिघं ती आळीपाळीनं हातात घेत. गाव मोठं होणार, आपण इथंच म्हातारे होणार, याची तेव्हा खात्री होती.

मग एके सकाळी कांडी राखाडी आली, लोखंड नसलेली. पुढचे तीस मीटर राखाडीच. त्याच आठवड्यात काम बंद झालं आणि शेवटच्या पेट्या नोंदवायला कुणी थांबलंच नाही. 'खाली लोखंड आहे, वरच्या साहेबांनाच घाई झाली,' असं हेल्मर गावाला सांगत राहिला. सांगता सांगता त्यालाही ते खरं वाटू लागलं. रूबेन गेला, आल्ली गेली. खरं ठाऊक असलेला तो एकटाच उरला.

तो उठला. मागच्या भिंतीशी जाऊन ताडपत्री बाजूला केली आणि पेट्या एकेक करून ओढून आणल्या.

"हे काय?"

"सतरा नंबर. एकशेनव्वदच्या खालचं."

तूवानं दगडाला चुंबक लावलं. ते चिकटलं नाही. दुसऱ्या पेटीतही तेच. तिनं चुंबक खिशात ठेवलं.

"तुम्ही दाखवलं नसतं तर मला कळलं नसतं."

"तुला नसतं कळलं, पोरी. घरदार विकून इथं आलेल्यांना कळलं असतं. चार वर्षांनी."

"गावात काय सांगायचं?"

"मी सांगेन. इतकी वर्षं उलटं सांगितलं ते मीच ना."

संध्याकाळी त्यानं इसाकला फोन करून खाण होणार नाही हे सांगितलं. इसाक म्हणाला, "बरं. उन्हाळ्यात येऊ आठवडाभर."

"या."

इसाक घरी येणार म्हणून त्यानं कालपासूनच वरची खोली उबदार ठेवली होती. जिना चढून तो तिथं गेला, हीटर बंद केला, नवी चादर घडी घालून कपाटात ठेवली आणि दार ओढून घेतलं.