उजव्या बाजूचा टाका

मास्तरांच्या थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी, एका सकाळी सासूबाईंनी त्यांच्या सदऱ्याची उजवी बाजू पायजम्याला टाचून टाकली. मास्तर भिंतीकडे तोंड करून, सुई टोचेल म्हणून श्वास रोखून उभे होते.

"हे काय चालवलंय, आई?"

"कच्चा टाका. एकच. तुम्ही खांदा उचललात की तुटेल. चला, बोटं भिंतीवर."

मास्तर कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कापड बेतत आणि कापत आलेले. उजवा खांदा वर्षभर आखडत गेला आणि शेवटी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागली. खांदा मोकळा केलाय, पण रोज हलवला नाहीत तर पुन्हा जाम होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको बाळंतिणीजवळ गेलेली. घरात उरले मास्तर आणि सासूबाई. अकरा वर्षं एका छपराखाली काढून दोघांचं चहात साखर किती घालावी यावरही एकमत नव्हतं.

बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायची, असा व्यायाम होता. हनुवटीपर्यंत बोटं जायची. पुढे अंग चोरी करायचं. हात तिथेच राहायचा आणि खांदा कानाकडे निघायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने हे एकदाच सांगितलं होतं, पण सासूबाईंनी ते नीट ऐकून ठेवलं होतं. उमेदीत त्यांनी काज-बटणांचं काम केलेलं. शरीर खोटं बोललं तरी कापड बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

टक्.

"तुटला. पुन्हा."

"अहो, जीव जातोय माझा!"

"जात नाही एवढ्यात. गोळी घेऊन अर्धा तास झाला ना? मग तिचं काम तिला करू द्या, तुमचं तुम्ही करा."

गोळी, भिंत, मग टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. दिवसातून तीनदा हेच. आडवं झालं की खांद्यात कळ उठायची, म्हणून झोप खुर्चीत, उशांना टेकून. डाव्या हाताने जेवताना अर्धा घास मांडीवर. मास्तर बटणांवर चिडायचे, दाराच्या कडीवर चिडायचे. सर्वांत जास्त सासूबाईंवर. धुतलेले कपडे दोरीवर टाकायचे तर लेकीला हाक मारणारी, वरच्या फळीवरचा डबा कधी स्वतः न काढणारी ही बाई! बायकोपाशी ते तिला राणीसाहेब म्हणायचे. आता राणीसाहेब स्टुलावर बसून त्यांना कवायत शिकवत होत्या.

त्यात मालकाचा फोन आला.

"मास्तर, पहिल्या तारखेला येताय ना? टेबल रिकामं ठेवता येत नाही हो. नाहीतर दुसरा बघतो."

कापायचं टेबल रुंद. खडू धरलेला हात पलीकडच्या कडेला पोचला पाहिजे. मास्तरांचा अर्ध्यावर थांबत होता.

चौथ्या आठवड्यात बोटं एकाच जागी अडली. तीन दिवस केसभरही वर सरकेनात. चौथ्या दिवशी सकाळी टाका चारदा तुटला. सासूबाईंनी पाचव्यांदा सुई ओवली, तसे मास्तर झटक्याने बाजूला झाले.

"बस्स झालं! बसल्या जागेवरून हुकूम सोडायला काय जातं? तुम्ही करून दाखवा. दाखवाच!"

सासूबाईंनी सुई रिळात खोचली. उठल्या आणि मास्तरांच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उजवा हात सरळ वर गेला. तो खाली घेऊन त्यांनी डावा भिंतीला लावला. बोटं पोटापासून चढत छातीपर्यंत आली आणि थांबली. खांदा कानाला भिडला, अंग कललं, एक टाच उचलली गेली. बोटं हलली नाहीत.

"माझा इथवर," त्या म्हणाल्या. "तुमची बायको सहा वर्षांची होती. मी पडले, हाड मोडलं. दोन महिने हात बांधून ठेवला. जोडलं म्हणाले. हलवा असं कोणी सांगितलं नाही, आणि दुखायचं म्हणून मीही हलवला नाही."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कपड्यांची दोरी त्यांनीच, आपल्या उंचीच्या हिशेबाने बांधली होती.

"मला कधी बोलला नाहीत."

"पोरीलाही बजावलं होतं, जावयाला सांगू नकोस म्हणून. म्हातारीतली आणखी एक खोट कशाला दाखवायची? उभे राहा नीट. सुई ओवलेलीच आहे."

त्या दिवशी टाका आणखी दोनदा तुटला. मास्तरांनी शिवी हासडली, पण ती खांद्याला.

महिना संपायला चार दिवस असताना सासूबाई शेजारी गेल्या, तेव्हा मास्तरांनी त्यांचे चार ब्लाउज काढले. डाव्या बाहीच्या काठापासून काखेतून कमरेपर्यंत शिवण उसवली, पट्टी कापून लावली, हूक बसवले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कात्री हातात घेतली होती. दर दहा मिनिटांनी बर्फ लावावा लागत होता. चार ब्लाउजना दोन दुपारी गेल्या.

सासूबाईंनी हुकांवरून बोट फिरवलं.

"फार जवळजवळ लावलेत."

"उसवून देतो."

"राहू द्या."

रोज अंघोळीनंतर कपडे घालायला त्यांना दार लावून पंधरा मिनिटं लागायची. दुसऱ्या दिवशी त्या लगेच बाहेर आल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पहिल्या तारखेला मास्तर कामावर गेले. हात पलीकडच्या कडेला चार बोटं कमी पडत होता. ते टेबलाला वळसा घालून पलीकडून खूण करायचे. मालकाने पाहिलं आणि पुढचा तागा टेबलावर आणून ठेवायला लावला.

ते चार बोटांचं अंतर तुटायला डिसेंबर उजाडला. सासूबाई त्याच वर्षी सतरा ऑक्टोबरला, दुपारी, झोपेत गेल्या. वय एक्याऐंशी.