पहारेकऱ्याचे प्रवचन

उपदेशक याकोब गीस्ब्रेख्त निवर्तल्यावर गावकऱ्यांनी मते टाकली व ती गेरहार्ट नॉयडॉर्फ याच्या पारड्यात पडली. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत उपदेशक शिकून होत नाही. नांगर धरणाऱ्यांतूनच एकास निवडतात आणि ते ओझे त्याने आमरण वाहावयाचे असते. नवे प्रवचन त्याने रचू नये. पूर्वीच्यांनी हाताने उतरवलेला गठ्ठा त्याच्याकडे येतो, आणि दर रविवारी त्यातलेच एखादे त्याने वाचावे, अशी रीत आहे.

गेरहार्टचा थोरला भाऊ डीट्रिख यास ती जागा आपलीच वाटत होती. मतदानाच्या दिवसापासून दोघा भावांत शब्द उरला नव्हता.

मार्च संपत आला होता. नदीवरील बर्फ काठाशी काळवंडून ठिसूळ झाला होता आणि बुधवारपासून कोणीही त्यावर घोडे घातले नव्हते. अपवाद फक्त डीट्रिखचा. पलीकडच्या तीरावरील वाळलेले गवत तो अद्याप घसरगाडीतून आणीत होता. गेरहार्टला त्याच्या जिवाची काळजी लागली होती. तथापि त्याच्या दारी जाण्याचे धैर्य होईना. शेवटी शनिवारी दुपारी त्याने गठ्ठ्यातून बायबलातील यहेज्केल संदेष्ट्यावरचे प्रवचन शोधून काढले. तलवार येताना पाहूनही पहारेकऱ्याने कर्णा फुंकला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्यालाच विचारला जाईल, हा त्यातील आशय. उद्या हेच वाचावे, म्हणजे डीट्रिख काय ते समजेल, असे त्याने ठरविले.

प्रवचन ज्या ज्या दिवशी वाचले, ती तारीख शेवटच्या पानामागे लिहून ठेवतात. इथे सात तारखा होत्या. मात्र प्रत्येक तारखेपुढे याकोबच्या अक्षरात एक नावही होते, जे अन्य कोणत्याही प्रवचनावर नव्हते. हाइनरिख उंगर, जो विहिरीत उतरला तो वर आलाच नाही. डाव्हिड फेर, जो दारू पिऊन बर्फात निजला. सातही नावे गेरहार्टच्या ओळखीची होती, आणि सातही माणसे त्या त्या रविवारानंतर महिन्याच्या आत मातीआड झाली होती. कागद घेऊन तो स्वयंपाकघरात गेला.

त्याची पत्नी आगानेथा कणीक मळीत होती. तिने पान पाहिले आणि हात पुसले.

"हे वाचलं की माणूस मरतो, असं वाटतंय तुला?"

"तुला नाही वाटत?"

"कागद कुणाला मारत नाही, वेड्या. पण उद्या वाचू नकोस म्हणजे झालं! जा, सारामावशीला विचार."

याकोबची विधवा सारा खिडकीशी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडीत होती. गेरहार्टच्या हातचा कागद पाहताच तिने तोंडातली टरफले वाटीत टाकली.

"सापडला का? मला वाटलंच होतं, एक दिवस येशील."

"मावशी, ही नावं त्यांनी आधी लिहिली, की..."

"पुरून आल्यावर. दर वेळी, बूट काढायच्या आधी." तिने वाटी बाजूला सारली. "याकोबला दिसायचं रे. कोण कुठे बुडतोय, ते सगळ्या गावाआधी त्याला दिसायचं. पण दारात उभं राहून सांगायला जीभ रेटायची नाही. मग रविवारी यहेज्केल काढायचा. सगळ्यांना एकदम! ज्याच्यासाठी वाचायचा, तो मान डोलवायचा आणि शेजाऱ्याकडे बघायचा."

गेरहार्ट खाली पाहू लागला.

"शेवटच्या हिवाळ्यात तो वाचता वाचता अडायचा, आठवतं? लोक म्हणाले, म्हाताऱ्याचे डोळे गेले. कसले गेले! मागच्या बाकावर त्याला ते सातही जण बसलेले दिसायचे."

"रागावलेले?"

"छे, छे. कान देऊन बसलेले. हा आपलं नाव कधी घेतोय, याची वाट बघत."

तेव्हा गेरहार्टच्या ध्यानात आले की, उपदेशक झाल्यापासून आपण वाचताना त्या रिकाम्या बाकाकडे कधी नजर उचलली नाही. इतके दिवस तो त्यास आपला संकोच समजत होता.

कागद मावशीच्या खिडकीतच ठेवून तो तडक नदीवर गेला. डीट्रिख काठावर घोड्यांचे पट्टे आवळीत होता.

"ओहो, उपदेशक महाराज! आज शनिवार आहे. इथे बाकही नाहीत."

"डीट्रिख, बर्फावर जाऊ नकोस."

"कुठल्या पानावर लिहिलंय ते?"

"कुठंच नाही. मीच सांगतोय."

"गावानं निवडलं म्हणून आता घोड्यांनीही तुझंच ऐकायचं वाटतं?"

गेरहार्टच्या हाती कागद नव्हता, शब्द जुळेनात. "तुलाच निवडायला हवं होतं. मी चिठ्ठीवर तुझंच नाव लिहिलं होतं. तू राग धर, आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी. पण जाऊ नकोस रे. मला दुसरा भाऊ नाही."

डीट्रिखचा हात पट्ट्यावरच थांबला. त्याच वेळी नदीच्या मध्यावर, बर्फाच्या खालून, ठक ठक ठक असा आवाज आला. मग तो जवळ सरकला. पुन्हा तीन ठोके, दारावर कोणी बोटे वाजवावीत तसे. घोड्यांनी कान मागे टाकले.

"बर्फ तडकतोय," डीट्रिख पुटपुटला.

"बर्फ असा मोजून तडकतो?"

ठोके अगदी त्यांच्या पायांपाशी येऊन थांबले.  काही क्षणांनी ते पुन्हा उमटले. पण आता ते प्रवाहाबरोबर खाली, दूर दूर चालले होते. डीट्रिखने घाईने घोडे वळविले. 

"खालच्या गावचा विल्हेल्म क्लासेन," तो म्हणाला. "आज दुपारी तोही बर्फावरून गवत आणायला जाणार होता. सकाळी दुकानात म्हणत होता."

"उद्या त्यांच्या मंडळीत निरोप..."

"उद्या? बस गाडीत!"

गेरहार्ट चढला. काठाच्या जमिनीवर उरलेल्या बर्फावरून घोडे भरधाव सुटले, आणि उजव्या हाताला, नदीच्या बर्फाखाली, ते ठोके त्यांच्या थोडे पुढेच धावत राहिले.