रंजीताच्या गुडघ्याची वाटी

रंजीताचा गुडघा लवकर बरा झाला, तर सगळ्यात मोठा फायदा तिच्या सासूचा, रुखमाबाईचा होता. सून घरात आल्यापासून तीन वर्षं रुखमानं रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात पाय घातला नव्हता. कुरखेड्याकडच्या त्या गावात रोवणी पाळीनं होते. दहा घरांतल्या दहा बायका एकमेकींच्या धानाच्या बांधीत वाकतात. ज्या घरची बाई येत नाही, त्या घरच्या धानाला कोणी हात लावत नाही. रंजीता वाकायची आणि रुखमा बांधावर बसून कोणाची ओळ वाकडी गेली ते सांगायची.

उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना रंजीताच्या गुडघ्याची वाटी बाजूला सरकली. एकदा नाही, तीनदा. मे महिन्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिच्याच मांडीतल्या स्नायूचा एक दोरा काढून, मोकाट गाईला दावं बांधावं तसं, वाटीला जागेवर बांधलं. वर बजावलं, "रोज व्यायाम. हळूहळू वाकवायचं. चार महिने उकिडवं बसायचं नाही."

चार महिने! रुखमानं बोटांवर मोजलं. मे, जून, जुलै, ऑगस्ट. म्हणजे रोवणी तिच्याच गळ्यात.

मग रोज खाटेशी तमाशा. रंजीता टाच सरकवत गुडघा वाकवायची. दात-ओठ खाऊन, डोळ्यांत पाणी आणून. काटकोनापर्यंत आली की थांबायची.

"बस? एवढंच?" रुखमा म्हणायची. "माह्या शेळीचा गुडघा याच्याहून जास्त वाकते."

"मंग शेळीलेच न्या रोवणीले, आत्या."

"तोंड बरं चालून राह्यलं तुह्यं. पाय काऊन नाई चालत?"

आषाढ लागला, पऱ्ह्यांची रोपं वीतभर झाली, तरी गुडघा काटकोनातच. रुखमानं पोचूभाऊला बोलावलं. पोचू गावभरच्या माणसांचे आणि बैलांचे मुरगळलेले पाय बसवायचा. दोघांत त्याला फरक वाटत नसे.

रंजीता आधी नाही म्हणाली. पण दोन महिने टोमणे खाऊन तीही विटली होती. "वाकवा एकदाचा," ती म्हणाली. "म्हणजे आत्याचं तोंड तरी बंद होईल."

पोचूनं तेल चोळलं, घोटा धरला आणि जोर लावला. आत काहीतरी चट् झालं. टाच मांडीला टेकली.

"पाह्य!" रुखमा हरखली. "हेच कराले डॉक्टर चार महिने मांगत होता."

सकाळी गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. डॉक्टरांनी फोटो काढला, वाटी हलवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. बांधलेला दोरा सैल झाला होता. "कोणी वाकवलं हे?"

रुखमा पंख्याकडे बघू लागली.

"घसरून पडली मी," रंजीता म्हणाली.

रोवणी आली तेव्हा रंजीता पायाला पट्टा बांधून बांधावर बसली होती आणि रुखमा चिखलात वाकली होती. दुसऱ्याच दिवशी तिची कंबर ओरडायला लागली, पण पाळी दहा घरांची होती.

"आत्या," बांधावरून आवाज आला, "तुमची ओळ वाकडी जाऊन राह्यली."

बाकीच्या नऊजणी खदखदल्या. एरवी रुखमानं सात पिढ्या काढल्या असत्या. पण डॉक्टरांपुढचं ते एक वाक्य आठवून तिनं मुकाट्यानं रोप उपटून सरळ लावलं.

पोचूला गुडघा वाकवल्याची कोंबडी मिळाली, ती त्यानं परत केली नाही. रुखमाची कंबर गेली. ती शेकून-चोळून दिवाळीपर्यंत सरळ होईल. दिवाळीनंतर त्याच गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन. त्यासाठी दोरा मात्र रंजीताच्या दुसऱ्या मांडीतून काढायचा आहे.