बन्सीधरची पावती

हळद-कुंकू लावून झालं, झेंडूची माळ रॅकच्या दाराला अडकवून झाली, आणि बन्सीधरने यूपीएसचं बटण दाबलं. पंखे घरघरले. वरच्या दोन खोक्यांचे दिवे पटापट हिरवे झाले. मधल्या मोठ्या स्विचचा दिवा मात्र पिवळाच राहिला. बन्सीधरने मनात तीनशेपर्यंत आकडे मोजले. एवढ्यात तो हिरवा व्हायलाच हवा होता. मग त्याने आणखी दोनशे मोजले.

"उठ की रं बाबा," तो स्विचला म्हणाला. "सणाच्या दिवशी झोपतंय व्हय कोनी?"

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला मुहूर्त होता.

परभणीहून ताडकळसकडे जाताना लागणाऱ्या त्या जिनिंग मिलमध्ये कापसाची खरेदी दरसाल दसऱ्यालाच सुरू होई. सकाळी यंत्रांची पूजा, अकराला पहिली गाडी वजनकाट्यावर. पूजेच्या वेळी यंत्र फिरतं ठेवायचं नाही, पाव तास त्याला विसावा द्यायचा, ही मिलची जुनी रीत. बावीस वर्षांपूर्वी मिलमध्ये कॉम्प्युटरचं जाळं आलं, तेव्हा बन्सीधरने ती रीत या खोलीतही आणली. सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा ज्याच्यात येऊन मिळतात तो हा स्विच, ओळीने भोकं असलेला सपाट लोखंडी डबा. तोही राबतोच की, मग त्याला विसावा का नको?

बन्सीधर मिलमध्ये आला तो हमाल म्हणून. आकड्याने कापसाच्या गाठी ओढायच्या आणि काट्यावरची पावती मुठीत धरून हापिसात पोचवायची. पावतीवर काय लिहिलंय ते त्याला कळत नसे. एकदा दोन पावत्यांची अदलाबदल झाली, तेव्हा साऱ्या यार्डादेखत मुनीम म्हणाला, "कागद काय वास घेऊन ओळखतोस काय रे?" त्याच साली बन्सीधर साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसला. वय एकतीस. शेजारी बायको, तानुबाई, तीही पाटी घेऊन. पुढे टेलिफोनच्या तारा ओढायला माणूस हवा होता म्हणून तो खांबावर चढला, तारांमागून केबल आली आणि केबलमागून हा स्विच. इंग्रजी अक्षरं त्याला चाळिशीनंतर याच स्विचच्या काळ्या पडद्यावर भेटली.

आज त्याचा शेवटचा दिवस होता. जुन्या मालकांचा मुलगा केयूर आता कारभार बघत होता. त्याने जाळ्याची देखभाल पुण्याच्या एका कंपनीकडे दिली होती. बन्सीधरची त्याला तक्रार नव्हती, त्रेसष्ट वय झालं होतं. त्याला एकच पाहिजे होतं. इतकी वर्षं चालवलेलं जाळं चालत्या स्थितीत दुसऱ्याच्या हाती द्यायचं. आणि आज त्याने स्वतःच्या हाताने निजवलेला स्विच उठत नव्हता.

दार ढकलून भक्ती आत आली. पुण्याच्या त्या कंपनीने महिन्यापूर्वी इथे नेमलेली इंजिनिअर, मूळची परभणीचीच. हातात उघडा लॅपटॉप, तोंड सुकलेलं.

"काका, इथली लाइट गेली होती का?"

"लाइट कशाला जाती? म्याच बंद केलं. पूजेला."

"कधी?"

"पावणेआठ झाले आसतील."

भक्ती मटकन स्टुलावर बसली. "काका, साडेसातला मी हापिसातून नवी इमेज चढवायला लावली होती. आज सुटी, कुणाचं काम नसतंय म्हणून पुण्यानं आजचाच दिवस दिला. जागा कमी होती म्हणून जुनी आधीच पुसली. आणि नवी निम्मी चढली असेल तोवर तुम्ही..."

बन्सीधरला सगळं उमगलं. स्विचच्या पोटात फ्लॅश नावाची चिमूटभर साठवण असते. तिच्यात एक मोठी फाइल असते, तिला इमेज म्हणतात. वीज आली की स्विच आधी ती वाचतो, तेव्हा कुठे त्याला आपलं काम काय ते कळतं. जुनी फाइल गेलेली आणि नवी अर्धवट, म्हणजे उठून करायचं काय हेच त्याला माहीत नव्हतं.

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"केयूरसरांना मेल होता."

"मेल होता," बन्सीधर म्हणाला. "आन् तुला ठाऊक न्हवतं का, दसऱ्याला इथं समदं बंद आस्तंय म्हणून?"

"घरी स्कूटीची पूजा करतो की आम्ही. पण स्विचची पूजा कोण करतंय?"

"आमी करतो."

तेवढ्यात केयूर आला. अंगात नवा कुडता, कपाळावर अक्षता, कानाला फोन. फोनवर काट्यावरचा दत्ता एवढ्या मोठ्याने बोलत होता की खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. गाड्या थेट फाट्यापर्यंत लागल्या होत्या आणि काट्याचा कॉम्प्युटर पावती काढत नव्हता.

"हाताने लिहून द्यायला सांगू का?" केयूरने फोन बंद करत विचारलं आणि स्वतःच मान हलवली. गेल्या साली हाताच्या पावतीवरून काट्यावर गचांडी धरण्यापर्यंत गोष्ट गेली होती. "पुण्याहून दुसरा स्विच उद्या संध्याकाळी येईल म्हणतात. बंद कोणी केला होता हा?"

"म्याच," बन्सीधर म्हणाला.

"कॉपी मी लावली होती, सर," भक्ती म्हणाली. "मेल केला होता तुम्हाला."

केयूरने फोनकडे बघितलं, बोट फिरवलं, आणि तो मेल बहुधा त्याला तिथेच सापडला. आवाज खाली आला. "मुहूर्त उद्यावर ढकलतो मग."

"नका ढकलू," बन्सीधर म्हणाला. "तुमी नारळ तयार ठेवा. साडेधाला पावती निघंल."

केयूर गेल्यावर भक्तीने विचारलं, "काका, साडेदहा कशावरून म्हणलात?"

"आदी एकदा झालंय म्हणून. ऊठ, तुझं लॅपटॉप हिकडं घे."

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीतून त्याने एक गाठोडं काढलं. त्यात निळी चपटी केबल होती, दोन पेनड्राइव्ह होते आणि एक जाड वही होती. वहीत मराठीत वाक्यं आणि मधूनमधून इंग्रजी अक्षरं, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी एकेक जोडून काढलेली. निळ्या केबलचं एक टोक त्याने स्विचच्या मागच्या भोकात घातलं, दुसरं लॅपटॉपला. जाळं मेलं तरी या वाटेने स्विचशी थेट बोलता येतं.

काळ्या पडद्यावर फक्त 'switch:' एवढा एकच शब्द उभा होता.

"मी हे पुस्तकातच बघितलं होतं," भक्ती म्हणाली. तिने भराभर टाइप करून फ्लॅश उघडली आणि फाइलींची यादी आणली. "काका, फाइल तर आहे! नाव पण बरोबर आहे."

"नाव बघू नको, वजन बघ. लेबल बघून गाठ घेत्यात का कोनी? मेलमदी किती लिव्हलंय?"

भक्तीने मोबाइलवर पुण्याचा मेल उघडला. फाइल दीड कोटी बाइटच्या वर हवी होती. फ्लॅशमधली साठ लाखसुद्धा भरत नव्हती.

"निम्मीच हाय," बन्सीधर म्हणाला.

"मग फ्लॅश फॉरमॅट करू का? नेटवर सगळे तसंच सांगतात. स्वच्छ पाटी."

"हात काढ!" तो इतक्या जोरात म्हणाला की भक्तीने खरंच दोन्ही हात वर घेतले. मग तोच हसला. "त्या यादीत खाली बारकी फाइल दिसायली का? कॉन्फिग. काट्याची वाट कोनती, हापिसाची कोनती, तेलघाणीची कोनती, समदं तिच्यात हाय. म्या एकदा केलती स्वच्छ पाटी. दोन दिस लागले पुन्हा लिव्हायला, आन् मालकानं लय फाडून खाल्लं. निम्मी गाठ तेवढी काढ. बाकीला हात लावू नको."

भक्तीने तेवढीच फाइल पुसली. बन्सीधरने लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह पुढे केला.

"जुनी इमेज? ही तुम्ही ठेवली होती?"

"जी चालती ती काढून ठिवायची. नवी तुझी चांगलीच आसंल, पर ती ह्याच्यावर कधी चालली न्हाई. कालपर्यंत चालत व्हतं तेच आज आनू. नवी दिवाळी झाल्यावर चढव, मला इचारून... न्हाई, मला कशाला? दत्ताला इचारून."

वही उघडून त्याने जुन्या फाइलीचं वजन काढलं. पेनड्राइव्हवरचा आकडा आणि वहीतला आकडा त्याने बोट ठेवून, एकेक अंक मोठ्याने म्हणत जुळवला. आठही अंक जुळले.

निळ्या केबलची वाट अरुंद. तिच्या नेहमीच्या गतीने फाइल जायला दुपार उलटली असती. वहीत पुढची ओळ होती: आधी गती वाढवणे. बन्सीधरने ती एका बोटाने टाइप केली आणि पडद्यावर एकदम अक्षरांऐवजी किडेमुंग्या उमटल्या.

"गेलं काका! बिघडलं!"

"बिघडलं न्हाई. ते पळायलंय आन् तू चालायलीस. तुझ्याकडची बी गती तेवढीच कर."

भक्तीने लॅपटॉपवरचा आकडा बदलला. किडेमुंग्या गेल्या, ओळख पटली. मग बन्सीधरने फाइल घेण्याचा हुकूम लिहिला आणि पडद्यावर एक अक्षर आलं. C. थोड्या वेळाने आणखी एक. C. मग पुन्हा.

"हाक मारायलंय," बन्सीधर म्हणाला. "दे म्हणतंय. इंग्रजीतलं हे अक्षर मी आदी शिकलो, ए-बी मागून."

भक्तीने फाइल सोडली. सव्वानऊ झाले होते. एक टक्का. दोन टक्के.

चाळीस मिनिटं करायला काही नव्हतं. बन्सीधर स्टूल घेऊन यूपीएसपाशी बसला, बटणाकडे पाठ करून, म्हणजे दुसरं कोणी पूजेला आलंच तर आधी त्याला उठवावं लागेल. बाहेर ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते. भक्ती नखं खात होती.

"काका, भीती नाही वाटत?"

"कशाची?"

"नाही झालं तर. तुमचा शेवटचा दिवस..."

"वाटती की. सकाळी त्यो पिवळा दिवा बघून लय वाटली. लोक म्हनतील, म्हाताऱ्यानं जाता जाता मोडून ठिवलं." मग त्याने वहीवर हात ठेवला. "पर आता न्हाई वाटत. आकडा जुळलाय."

सत्तर टक्क्यांवर पडदा काळा झाला. भक्ती किंचाळलीच. तिने टचपॅडवर बोट आपटलं, उजेड परत आला, एकाहत्तर. लॅपटॉप स्वतःहून निजायला निघाला होता.

"तुझ्या यंत्राला बी इसावा लागतो का?" बन्सीधर म्हणाला. "मग हळद-कुंकू लाव की त्याला बी."

भक्ती त्या सकाळी पहिल्यांदा हसली, आणि हसत हसत तिने लॅपटॉपचं निजणं बंद केलं.

शंभर टक्के झाले तेव्हा दहाला पाच कमी होते. बन्सीधरने फ्लॅशमधल्या फाइलीचं वजन पुन्हा एकदा वहीशी जुळवलं, गती होती तशी केली, आणि स्विच सुरू करण्याचा हुकूम तिला लिहायला लावला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. दोघं दिव्याकडे बघत उभे राहिले. पिवळा लुकलुकला, गेला, पुन्हा आला. मग हिरवा झाला, आणि त्याच्यामागून खालच्या सगळ्या भोकांवरचे बारके दिवे, वाऱ्याने साळीचं शेत हलावं तसे, इकडून तिकडे पेटत गेले.

भक्तीचा फोन वाजला. पलीकडून दत्ता ओरडत होता, "निघाली! पावती निघाली!"

बन्सीधरने दाराची झेंडूची माळ काढून खिळ्याला अडकवली. ती पंख्याचा वारा अडवत होती. मग वहीच्या शेवटच्या पानावर त्याने एक ओळ लिहिली: दसऱ्याला स्विच बंद करण्याआधी विचारणे, कॉपी चालू आहे का. भक्तीने पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: दसऱ्याला कॉपी लावण्याआधी विचारणे, पूजा आहे का.

"पुण्याला काय कळवू, काका?"

"झालं ते. म्या बंद केलं, तू लावलं व्हतं, दोघांनी मिळून उठवलं."

वही, पेनड्राइव्ह आणि निळी केबल त्याने रॅकच्या खालच्या कप्प्यात ठेवली. रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं.

अकराला नारळ फुटला. केयूरने पहिल्या गाडीला हार घातला, बन्सीधरलाही पेढा दिला, आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. पहिल्या चार गाड्या गेल्यावर बन्सीधर घराकडे निघाला. तानुबाईने पुरण घातलं होतं. फाटकाची वाट काट्यावरूनच जात होती. तो मधोमध आला तशी खिडकीतून हाक आली.

"मामा, थांबा तितंच! हलू नका. तुमची बी काढतो."

"माजी कशाला रं? मी काय कापूस हाय का?"

"उभं तर ऱ्हावा." दत्ता टाइप करत होता. "भरल्या गाडीचं वजन लिहू का रिकाम्या?"

"भरल्या गाडीचं लिव्ह. पेढा खाल्लाय."

यंत्र कुरकुरलं. दत्ताने खिडकीतून हात लांब करून कागद दिला. बन्सीधर पुढे झाला नाही, काट्याच्या पत्र्यावरच उभं राहून त्याने चष्मा चढवला. मिलचं नाव. तारीख. वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं. वाहन, बन्सीधर. वजन, साठ किलो. मागून ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. बन्सीधर खालच्या बारीक अक्षरांतली शेवटची ओळही पूर्ण वाचून झाल्यावरच काट्यावरून खाली उतरला.