नऊ जानेवारीचे खडे

दत्तोपंतांनी बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीशी उजेडात धरली आणि वरची चिठ्ठी मनातल्या मनात दोनदा वाचली.

"नाव त्याचंच हाय ना, मास्तर?" वासुदेवरावांनी विचारलं. "वडनेरात इंग्रजी वाचनारं कोनी नाई. उद्या पवनारले नदीत सोडाव म्हन्तो."

विलायतेला शिकायला गेलेला वासुदेवरावांचा मुलगा माणिक जानेवारीत न्यूमोनियानं गेला. तिथल्या मित्रांनीच अग्नी दिला. परवा त्याची ट्रंक वर्ध्याला आली, तीत कापसात गुंडाळलेली ही बाटली. वासुदेवराव आणि मनकर्णाबाई, दोघा आईबापांनी अस्थी समजून तिच्यापुढे दिवा लावला. पोराला शिफारसपत्र देऊन धाडलं होतं दत्तोपंतांनीच. खोटं बोलणं सोपं होतं, आणि मेलं ते सुचतही होतं.

"नाव त्याचंच. पण मनकर्णाबाई, ह्या अस्थी नाहीत."

"मंग अस्थी कुठी गेल्या?"

 अस्थींचं सोडून, बाटलीत काय आहे ते दत्तोपंत वर्गात सांगतात तसं सांगू लागले. आर्गॉन नावाचा वायू कुणाशीच जुळत नाही. पण क्विनॉल या रसायनाचे खडे जमताना रेणूंचे पिंजरे तयार होतात, त्यांत तो सापडतो. हेलियम फार बारीक, तो गजांतून निसटतो. आर्गॉन मापात बसतो. त्याला कुणी बांधलेलं नसतं, फक्त वाट नसते.

 मग दत्तोपंतांनी बाटलीतला एक खडा कोमट पाण्यात टाकला. खडा विरघळत गेला, बारीक बुडबुडे वर आले.

"हे त्यानं कोंडलं व्हतं?"

"स्वतःच्या हातानं. नऊ जानेवारीला."

माणिक गेल्याची तार सतरा तारखेची होती. मनकर्णाबाईंनी बोटांवर दिवस मोजले आणि त्यांना हुंदका आवरेना.

"हवा धरून ठेवता येते, तं माह्या पोराले काऊन कोनी धरलं नाई, मास्तर?"

दत्तोपंतांनी मान खाली घातली. फार वाईट वाटलं त्यांना, आणि शिकलेल्या माणसाला वाटते तशी स्वतःची लाजही.

बाईंनी विचारलं, "बाकीचे खडे किती दिवस राह्यतीन?"

"वर्षानुवर्षं. पाणी तेवढं लागू द्यायचं नाही."

"मंग नदीत नाई सोडाचं."

त्यांनी डोळे पुसले. मग पदरानं एकेक बोट कोरडं केलं आणि बाटली हातात घेतली. वासुदेवराव रडत रडत बघायला पुढे वाकले, तशी त्यांनी ती चटकन छातीशी ओढली.

"दूर व्हा," त्या म्हणाल्या. "आंधी डोये पुसा."