कोपऱ्यातली गाठ

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, आणि नाटकाचा तर नव्हेच. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीच्या खाटेशेजारी उभा असतो ना, लोखंडी चौकटीचा, घडी होणारा, ढकलला की करकरणारा, तो मी.

मित्रांनो, माझा जन्म रत्नागिरीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. खाऱ्या वाऱ्याने गंज धरू नये म्हणून कारागिराने मला रंगाचे दोन हात दिले. मग पांढरं मांजरपाट शिवून चौकटीत ओवलं आणि टेम्पोत घालून कातळावरच्या एका गावात आणलं. गावाचं नाव विचारू नका. का, ते पुढे कळेलच.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. सिस्टर शालनताई मला स्वतःच्या हाताने धुवायच्या. सुई टोचताना पोरं माझ्या आड भोकाड पसरायची आणि बाहेर येताना शूर होऊन यायची. मी सगळं पाहिलं, पण कोणाचं कुठे बोललो नाही. आडोसा करणं हेच माझं काम, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. आता तो तेवढा राहिला नाही.

शिमगा तोंडावर आला होता. एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव मी सांगणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करायची नाही असा कायदाच आहे, आणि पडद्याला तो शिकवावा लागत नाही. पोटात दुखतंय म्हणून ती आली होती. ताई तिला तपासत होत्या तेव्हा ती माझ्याकडे तोंड करून हळूच बोलली. तिने वाडीतल्या एका माणसाचं नाव घेतलं. त्याचा हात तिला नको होता आणि तो ऐकत नव्हता, एवढंच ती म्हणाली.

ताईंनी आईला आत घेतलं. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बाय, एवढ्यात कोनाला सांगू नुको. हे मुंबैसून शिमग्याला यायचेत. मग काय ता ते बघतील."

आणि ताई थांबल्या. बाई वाईट नव्हती हो. पण आपल्याकडे लग्न असो, जमिनीची मोजणी असो, मुंबईचा माणूस येईपर्यंत सगळंच थांबतं. ताईंना वाटलं, हेही थांबेल. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "खात्री नसताना कशाला कोणाचं नाव घ्यायचं?"

मोठी माणसं बोलत होती आणि ती माझ्यामागे एकटी उभी होती. तिने माझा खालचा कोपरा हातात घेतला आणि त्याला गाठ मारली. घट्ट, दोन्ही हातांनी ओढून. मग आईचं बोट धरून ती गेली.

शिमग्याला वडील आले. पालखी नाचली, गुलाल उधळला, वडील परत गेले. आईने लाजेपोटी त्यांना काही सांगितलंच नाही. ताईंनीही विषय काढला नाही. पुढे एकदा ती मुलगी लस घ्यायला आली. ताईंनी विचारलं, "कशी आहेस गो?" ती आईच्या मागे सरकली. आई म्हणाली, हल्ली ती कोणाशीच बोलत नाही.

तेव्हापासून दुपारी केंद्र रिकामं झालं की माझा कोपरा हलायचा. वाराही असेल. ताई चपापून माझ्यामागे डोकावायच्या आणि कोणी नसायचं. मला मात्र तिचं ते हळू बोलणं ऐकू यायचं, पुन्हा पुन्हा तेच. धुताना गाठ लागली की ताईंचा हात थांबायचा. गाठ त्यांनी कधी सोडली नाही. साबण आत शिरत नसे, त्यामुळे तिथला मळ तसाच राहिला.

बरीच वर्षं गेली. मग रत्नागिरीहून निशिगंधा नावाच्या वकीलबाई आल्या, केंद्रातल्या सगळ्यांना पोक्सो कायदा समजावून द्यायला. प्रोजेक्टर आणला होता, पण भिंतीला ओल आलेली. मग मलाच पुढे ओढलं, आणि कायद्याची अक्षरं माझ्या अंगावर पडली.

बाई म्हणाल्या, "मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवायचं. खात्री करणं तुमचं काम नाही. घरच्यांची परवानगी लागत नाही. न कळवणं हाच गुन्हा आहे."

शालनताईंनी मागून विचारलं, "आणि वडील मुंबईत असले तर?"

"तर तुम्ही फोन करा. वडील मागून येतील."

शेवटच्या ओळीत नेमकी माझी गाठ आली होती. तिथलं अक्षर वाकडं दिसत होतं. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही, ताई मात्र तिथेच बघत राहिल्या.

त्यानंतरच्या शिमग्याआधी एक लहानगा आला. तोही माझ्या आडच बोलला. त्याने तेच नाव घेतलं.

मित्रांनो, लोखंडाला थंडी वाजत नाही म्हणतात. मला वाजली.

त्याच्या आईनेही तेच सांगितलं, हे मुंबईहून येऊ देत. सोबतचा चुलता म्हणाला, "ताई, पालखीसमोर नारळ ठेवू नि गावकीत मिटवू. गावची अब्रू गावात ऱ्हाव दे."

ताईंनी त्याच्यासमोरच फोन लावला. त्यांनाही याच गावात राहायचं होतं, तरी लावला. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आता नारळ ठेवायचा तर ठेवा."

पोलीस बाई साध्या साडीत आल्या, कारण वर्दीला पोर घाबरू नये असंही कायद्यातच आहे. नव्या डॉक्टर सानवी यांनी तपासलं, तेव्हा आई त्याचा हात धरून बसली होती. सगळं झाल्यावर ताई म्हणाल्या, "याच माणसाचं नाव मी आधी एका मुलीकडून ऐकलं होतं. तेव्हा मी कळवलं नाही. तेही लिहून घ्या."

"ताई, ते तुमच्यावरही येईल."

"येऊ दे."

आलंच. त्यांची चौकशी अजून चालू आहे. तो माणूस कोठडीत आहे.

आणि मग, ताईंच्या त्या जबाबावरून, ती आली. आता मोठी झालेली, कॉलेजची पिशवी खांद्याला. डॉक्टर सानवी तिच्यासमोर बसल्या. ताई बाहेरच थांबल्या, त्यांना आत यायचा धीर होईना. तिची बोटं माझ्या कोपऱ्याकडे गेली.

"अजून आहे?" ती म्हणाली. आवाज त्या लहान मुलीचाच होता.

बाहेरून ताई म्हणाल्या, "आहे, बाय."

मग ती बोलायला लागली. काय बोलली ते मी सांगणार नाही. जाताना तिने गाठीवरून हात फिरवला, सोडली नाही.

मित्रांनो, माझं कापड आता विरलंय. नवा पडदा येणार म्हणतात, येऊ दे बापडा. तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी सिस्टर, कोणी शिक्षक. एवढं ध्यानात ठेवा, की आडोसा मुलासाठी असतो, त्याला छळणाऱ्यासाठी नव्हे. आणि आज तुमच्यापैकी कोणाला काही सांगायचं असेल तर सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ ला फोन करा. कोणी मुंबईहून येण्याची वाट बघू नका.

मला अडगळीत टाकाल तेव्हा गाठ मात्र कोणी सोडू नका. तिची तिला वाटेल तेव्हा ती येऊन सोडेल.